बोर्डापुढं अर्धंच बोलले

रघू, जन्मभर तुला ‘मेल्या’ म्हणत आले. मेल्या जेवायला ये, मेल्या काठी कुठं टाकलीस, मेल्या त्या छिन्नीवर किती वेळ डोळे फोडणार आहेस. आता ती शिवी ओठापर्यंत येते आणि तिथूनच मागं फिरते. परवा मांजरानं दुधात तोंड घातलं, मी सवयीनं ‘मेल्या’ म्हणून ओरडले, आणि सरस्वती चुलीपासून उठून माझ्याकडं बघत राहिली. तुझी बायकोही तुझ्यासारखीच, बोलत काही नाही. मग आम्ही दोघी रडत बसलो आणि दूध मांजरानं संपवलं.

तेरावं होऊन दोन दिवस झाले. लोक येऊन गेले. लढाईवर जाऊन आलेला माणूस, पलटणीत नाव होतं, असं काहीबाही बोलले. पलटणीत तुझं कसलंही नाव नव्हतं, हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. तू गेलास पलटणीची फुटकी भांडी सांधायला आणि डेगच्यांना कल्हई करायला. बंदूक कधी हातात धरली नाहीस. पण तोफेचा गोळा काही बंदूकवाला कोण आणि कल्हईवाला कोण ते विचारून पडत नाही. मी लोकांचं बोलणं खोडून काढलं नाही. गेलेल्या माणसाला चार शब्द जास्त मिळाले तर कुणाच्या बापाचं काय जातं?

तू गेलास तेव्हा दुपार होती. सगळी तांबट आळी कामाला बसलेली. शेजारच्या म्हाताऱ्या केशवकाकांनी आत येऊन तुझ्या नाकाशी हात धरला, बाहेर जाऊन ओट्यावर उभे राहिले आणि नुसता हात वर केला. एकेका ओट्यावरचे हातोडे खाली ठेवले गेले. आळीत कुणी गेलं की असं करतात, हे मी लहानपणापासून बघत आले, मीही दारात उभी राहून बघितलंय. पण घरात बसून ते ऐकणं वेगळं. ठोके थांबले आणि आळीतली तान्ही पोरं एकदम जागी होऊन रडायला लागली. आवाजात झोपायची सवय त्यांना, शांततेनंच दचकली.

तूही तसाच आवाजात झोपायचास. बाबा दिवसभर हातोड्यानं ठोकून घागरी मठारायचे, आई चिंच लावून भांडी उजळायची, आणि तुला बघायला मी, नऊ-दहा वर्षांची. पहिले काही महिने कुठलंच पोर त्या ठोक्यांत झोपत नाही, रडून रडून काळंनिळं होतं. म्हणून आळीतल्या घराघरात एक डबी असायची. करंगळीच्या टोकावर तिळाएवढी अफू, दुधात कालवून चाटवायची, की पोर दुपारभर शांत. त्याला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. बाळगुटी उगाळावी तसंच ते होतं. तुला ती मीच चाटवायचे, याच करंगळीनं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

मोठेपणी तू अफू काय, साधा विडाही खाल्ला नाहीस. चोवीस वर्षांचा धट्टाकट्टा गडी, घागरीचं पोट असं काढायचास की बाबा दुसऱ्यांना दाखवायचे आणि तुझ्यासमोर मात्र नाक मुरडायचे. मग लढाईसाठी कारागीर हवेत म्हणून बोलावणं आलं. बाबा नको म्हणाले, मी नको म्हणाले, सरस्वतीला विचारतंय कोण. तू हसून म्हणालास, “आक्का, साहेबाची डेगची गळाली तर साहेब उपाशी मरेल.” टेचात गेलास. येताना काठीवर आलास.

लढाईवरून, बसऱ्याहून तुझी पत्रं यायची ती वाचून घ्यायला मला चार घरं हिंडावं लागायचं. वाचणारा आधी स्वतः वाचून मान हलवायचा, गालात हसायचा, आणि मग मला सांगायचा की, बरा आहे. अरे, माझ्या भावाचं पत्र आणि हसणार हा! त्या रागानं मी शेजारच्या शाळेत जाणाऱ्या पोरीकडून अक्षरं शिकले. तेहेतीस-चौतीस वर्षांची विधवा बाई पाटीवर ग म भ न गिरवते म्हणून आळी हसली, हसू देत म्हटलं. तिकडं खजूर फार आणि पाणी मचूळ, आणि लोक नदीच्या वाळूनं भांडी खरवडतात म्हणून कल्हई आठवडाभरही टिकत नाही, हे तुझं गाऱ्हाणं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. मग पत्रं थांबली. आणि मग एक आलं ते दुसऱ्याच्या अक्षरात. ‘पायात लोखंड गेलं आहे, काळजी नसावी.’

त्या इस्पितळाबद्दल तू फारसं बोलला नाहीस. एकदाच, पाय शेकताना, म्हणालास, “सुई टोचली ना आक्का, की पाय दुसऱ्याचा व्हायचा. खाटेवर पडलेला असायचा आणि मला वाटायचं, कुणाचा आहे बिचाऱ्याचा.” किती महिने ती अफूच्या अर्काची सुई दिली तुला, मोजलं नव्हतंस. जहाजात दिली, मुंबईत उतरल्यावर दिली. बरा म्हणून घरी पाठवलं तेव्हा बंद केली. पाय मात्र तुझाच होता, तो तुझ्याबरोबर घरी आला. महिन्याच्या आत तू अफूच्या परवान्याच्या दुकानासमोर रांगेत उभा होतास.

मी काय काय बोलले तेव्हा तुला. बाबांच्या नावाला काळं फासलंस म्हणाले. बाबा जाऊन तेव्हा वर्ष झालेलं, त्यांना मध्ये आणायची काही गरज नव्हती. तू ऐकून घेतलंस. मला कळायला वेळ लागला, रघू. मठारायला बसायचं तर एक पाय दुमडायचा, दुसऱ्यानं भांडं दाबून धरायचं, आणि दिवसभर तसंच बसायचं. तू बसून बघितलंस. तासाभरात घामानं निथळलास, गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. चार वेळा बसलास, चार वेळा तुला दोघांनी उचलून उठवलं. पाचव्या वेळी बसला नाहीस. बाबांचा हातोडा केशवकाकांच्या घरी देऊन आलास आणि म्हणालास, नुसता पडून गंजेल.

मग तू भांड्यांवर नावं घालायला लागलास. त्याला पाय लागत नाही. स्टुलावर बसायचं, मांडीवर तांब्या, हातात बारीक छिन्नी, आणि टुक टुक टुक करत अक्षर उमटवायचं. लग्नसराईत आपल्या दारात बायकांची रांग लागायची. पण त्याला हात थिर लागतो, आणि तुझा हात अफूची गोळी घेतल्यावरच थिर व्हायचा. हे मला सरस्वतीनं सांगितलं. ती म्हणाली, “आक्का, सकाळची गोळी पोटात गेल्याशिवाय त्यांना भांडं देऊ नका.” मी तिलाही झापलं.

तरी आपण सोडवायचा घाट घातलाच. डबी माझ्या कमरेला. सकाळी मुगाएवढी, संध्याकाळी मुगाएवढी. मी रोज नखानं थोडी थोडी कोरून कमी करायचे आणि तुला वाटायचं मला कळत नाही की तुला कळतंय. तू म्हणालास, “आक्का, हा मूग आता मोहरी झाला.” मी म्हटलं, मोहरीवरच भाग. तू माझ्या दातांकडं बघून म्हणालास, “बरं. तू मिश्री सोड, मी गोळी सोडतो. दोघं एकाच दिवशी.” पैज लागली. तीन दिवस मी मिश्री लावली नाही. डोकं नुसतं भणभणलं, सरस्वतीशी भांडले, केशवकाकांच्या गाईला ओरडले. चौथ्या दिवशी न्हाणीमागं जाऊन गुपचूप लावली आणि तोंड धुऊन आले.

तू मात्र अकरा दिवस काढलेस. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, अंगावर काटा, आणि पाय. उशीत तोंड खुपसून पडायचास, म्हणजे आवाज आळीत जाऊ नये. अकराव्या दिवशी एका नवरीच्या घागरीवर नाव घालायचं होतं, शब्द दिलेला होता. उठून बसलास. नाव असं तिरकं गेलं की मुलीच्या आईनं घागर परत आणून ओट्यावर ठेवली. तू त्या घागरीकडं बघत बसलास. मग मला म्हणालास, “आक्का, तू हा पाय घे. गोळी मी आत्ता सोडतो.” मी कमरेची डबी काढून तुझ्या हातात दिली. आणि मी चोरून मिश्री लावली होती ते सांगितलं नाही. तू जिंकलास ती पैज, रघू. बघ, हेही आज सांगते आहे.

आता बोर्डाचं. पहिली काही वर्षं तुला जखमेचं पेन्शन आलं. मग छावणीतल्या डॉक्टर-साहेबांच्या बोर्डानं तपासलं, पाय व्हायचा तेवढा बरा झाला असं लिहिलं आणि ते थांबलं. पुढं कितीतरी वर्षांनी कचेरीबाहेर अर्ज लिहिणारे दामूअण्णा आपल्या ओट्यावर येऊन बसले. तांब्यावर नाव घालून घ्यायला आले होते, तुझा पाय बघून चौकशीला लागले. म्हणाले, जुने दावे पुन्हा बघतात हल्ली. पायाचं तर लिहूच, पण त्याहून मोठी गोष्ट ही अफू. ती तुम्हाला सरकारी इस्पितळात, सरकारी सुईनं लागली. पायासारखी तीही लढाईतलीच जखम आहे, असं मांडू.

तू साफ नाही म्हणालास. “अफूचं नाव माझ्या कागदावर नको, अण्णा.” तुला लाज वाटत होती. आठ दिवस तुझ्या मागं लागले ती मी. म्हटलं, लाज कसली, चोरी केलीस का कुणाची? पैशाचं सोड, पण एकदा कुणीतरी शिक्का मारून सांगू दे की हे याचं पाप नाही.  तुलाही तेच हवं होतं, मला दिसत होतं. आळीतले लोक तुला अफिमबाज म्हणत, तोंडावर नाही, पण म्हणत. शेवटी तू सही केलीस. माझ्यासाठी केलीस की स्वतःसाठी, ते मला नीट माहीत नाही.

साक्षीला घरातलं वडीलधारं माणूस हवं होतं. म्हणजे मीच. दामूअण्णांनी मला ओट्यावर बसवून पढवलं. भरती व्हायच्या आधी हा अफू घेत होता का, असं विचारतील. नाही म्हणायचं, बस. ते खरंही होतं. पाळण्यातलं माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. ते का कुणी अफू घेणं असतं? छावणीत जायला सकाळी टांगा केला. वाटेत नाशिकरोडला नोटांच्या छापखान्याजवळ टांगेवाल्यानं घोड्याला पाणी पाजलं, तेवढ्यात तू चेष्टा केलीस, “आक्का, आपलं पेन्शन आत छापायला घेतलं असेल.” किती दिवसांनी हसला होतास.

आत तीन साहेब, आणि बाजूला आपलाच एक कारकून दुभाषा. तुझा पाय बघितला, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. मग मला विचारलं, आधी घेत होता का? मी म्हटलं, नाही. तिथंच उठायला हवं होतं. पण तो कारकून गालात हसला. म्हणाला, “कधीच नाही? तांबट आळीतला माणूस आणि कधीच नाही? हा तर जन्माचा अफिमबाज दिसतो, बाई.” माझा राग तुला ठाऊक आहे. तुला, तुझ्यादेखत, तो मेला अफिमबाज म्हणतो. माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, “तोंड सांभाळून बोला. आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला अफू चाटवतात तेव्हा कुठं ते ठोक्यांत झोपतं. याला मी माझ्या हातानं चाटवलीय. मग आळीतली सगळी तान्ही पोरं अफिमबाज का?”

कारकुनानं माझं एवढं सगळं बोलणं साहेबाला चार शब्दांत सांगितलं. साहेबानं मान वर केली. चांगला म्हातारा माणूस होता तो, त्याला मी दोष देत नाही. त्यानं काहीतरी विचारलं, आणि कारकून म्हणाला, “साहेब विचारतात, ते चाटवणं बंद कधी झालं? पुढं चालू राहिलं की सुटलं?”

हा प्रश्न विचारला होता त्यांनी. मी गेलं दीड वर्ष आळीला सांगत फिरले की बोर्डानं मला पुरतं बोलूच दिलं नाही. ते खोटं आहे. विचारलं होतं. आणि मी म्हटलं, “आठवत नाही.” तू तेव्हा माझ्याकडं बघितलंस. साहेबानं एक ओळ लिहिली.

येताना टांग्यात मी किती बडबडले. त्या कारकुनाचं तोंड कसं बंद केलं, याची तीन-तीनदा कहाणी सांगितली. आतून काहीतरी टोचत होतं म्हणूनच. तू म्हणालास, “बरं बोललीस आक्का,” आणि पाय दोन्ही हातांनी उचलून दुसरीकडं ठेवलास. दोन महिन्यांनी कागद आला. दामूअण्णांनी वाचला, कपाळावर हात मारला आणि मराठीत सांगितलं: अर्जदाराची अफूची सवय बालपणापासूनची असून तिचा नोकरीशी संबंध नाही, हे त्याच्या सख्ख्या बहिणीच्या साक्षीवरून दिसते. तू तो कागद घडी करून तक्त्यावर ठेवलास आणि कामाला बसलास. कुणाच्या तरी तांब्यावर ‘सौभाग्यवती’ घालत होतास त्या दिवशी. एकही अक्षर वाकडं गेलं नाही.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही. मी म्हणत होते, पुन्हा अर्ज कर. लिही की, बहीण म्हातारी आहे, भ्रमिष्ट आहे, वाट्टेल ते बोलली. मी अंगठा काय, सही करून देते. तू म्हणायचास, “तू खोटं बोलली नाहीस.” मी म्हणायचे, मग मला पुन्हा घेऊन चल. तू म्हणायचास, “त्या कारकुनापुढं तुला पुन्हा उभं करणार नाही.” दर आठ-पंधरा दिवसांनी हेच. मी चिडून भांडी आपटायचे. तू एकदाही आवाज चढवला नाहीस. आक्का, तुझ्या जिभेनं माझं वाटोळं केलं, असं एकदा तरी म्हणायचं होतंस रे. मला बरं वाटलं असतं.

उलट त्याच दिवाळीत तू मला तांब्या दिलास. माझ्या घरच्या सगळ्या भांड्यांवर आधी सासऱ्यांचं नाव, मग नवऱ्याचं नाव. नवरा गेला आणि मी इकडं आले, तेव्हापासून मी नाव नसलेल्या भांड्यातच पाणी पीत आले. तू घातलंस ‘गोदावरी’. पुढं काही नाही, मागं काही नाही, नुसतं गोदावरी. मी म्हटलं, असं एकट्या बाईचं नाव कुणी घालतं का, लोक हसतील. तू म्हणालास, “वाचता येतं ना तुला? मग वाच.” त्या दिवशी मी तुला धड चांगलं म्हटलं नाही. सोंगाड्या म्हटलं. रघू, माझ्या आयुष्यात मला कुणी काही दिलं असेल तर ते तू दिलंस. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

पौषात तुझी छाती भरली. वैद्यांनी काढा दिला, मला बाजूला घेऊन मान हलवली. शेवटचे आठ दिवस मी गोळी नखानं कोरली नाही. मागितलीस तेवढी दिली, मूग म्हणालास तर मूग, हरभरा म्हणालास तर हरभरा. सरस्वतीनं तुझा पाय मांडीवर घेऊन दिवस काढले. मला आता कुणी विचारलं की, मरणाऱ्याला अफू देणं बरं का, तर मी त्याला आधी तुझा पाय घ्यायला सांगेन आणि मग उत्तर देईन.

त्यात एका सकाळी तू शुद्धीवर होतास, पेज प्यायलास, डोळे स्वच्छ. मी विचारून टाकलं. “रघू, खरं सांग. तुला ती माझ्यामुळं लागली का रे? त्या पाळण्यातल्या बोटामुळं?” तू आढ्याकडं बघितलंस. मग म्हणालास, “पाळण्यातलं मला काही आठवत नाही, आक्का. मला सुई आठवते.”

बोर्डापुढं सांगायचं होतं ते हे होतं. एवढं साधं. आणि तेव्हाच मी तुला बाकीचं सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण तू डोळे मिटलेस, आणि मी भित्री, तुला झोप लागली असं स्वतःला सांगून उठले.

तर आता ऐक. तू दीड वर्षाचा होतास. नागपंचमी होती. गावाबाहेरच्या चिंचेला झोका बांधला होता, माझ्या सगळ्या मैत्रिणी निघाल्या. माझं लग्न ठरलं होतं त्या वर्षी, पुढची पंचमी सासरी, म्हणजे हा शेवटचा झोका. आई म्हणाली, रघू झोपला तर जा. तू झोपेनास. हसत होतास, माझी वेणी ओढत होतास. मी एकदा चाटवली. मग दाराशी जाऊन परत आले आणि आणखी एकदा चाटवली, तिळाएवढी नाही, चांगली जोंधळ्याएवढी. आणि पळाले. पोटभर झोके घेतले. परत आले तेव्हा आई तुझे तळपाय घासत होती, तोंडावर पाणी मारत होती, तुझे ओठ जांभळे, मान लटकलेली. बाबांनी हातोडा टाकून तुला उराशी धरलं होतं. कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून बायकांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी सगळ्यांबरोबर म्हटलं, दृष्टच लागली. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर तू डोळा उघडलास.

आईला कळलं असावं. ती मला काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिनं डबी उचलून बाबांच्या हातात दिली आणि बाबा ती गोदावरीत टाकून आले. त्यानंतर आपल्या घरात अफू आली नाही. तू चोवीस वर्षांचा होईतो तिला शिवला नाहीस. चाटवणं बंद कधी झालं ते मला आठवत नव्हतं असं नाही. तो दिवस जितका मला आठवतो तितका माझ्या लग्नाचा दिवसही आठवत नाही. पण कधी बंद झालं ते सांगितलं असतं तर का झालं तेही सांगावं लागलं असतं, आणि तू समोर बसला होतास. तुझ्या हक्काच्या कागदापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली, रघू. तुला मात्र लाज सोड म्हणून आठ दिवस मागं लागले होते.

काल दामूअण्णा आले. सरस्वतीच्या नावानं तुझा दावा पुन्हा लावता येतो म्हणाले, पण साक्ष पुन्हा द्यावी लागेल. माझ्याकडं न बघता म्हणाले, “आक्का, या वेळी एवढंच म्हणा की, गेल्या खेपेला घाबरून चुकीचं बोलले. बाळपणी अफू नव्हतीच.” तुझ्या बायकोनं चुलीजवळून मान हलवली. नको. तिनंही तेच म्हटलं जे तू म्हणत होतास, “आक्का खोटं बोलल्या नाहीत.” मग मी तिला सगळं सांगितलं, झोक्यापासून. दामूअण्णा ऐकत होते.  सरस्वती उठली, माझा पदर नीट केला आणि पुन्हा चुलीशी जाऊन बसली.

परवा आम्ही दोघी छावणीत जातोय. तोच कारकून असेल, हसू दे त्याला. पैसे मिळतील की नाही ते मला ठाऊक नाही, आणि तुझा शिक्का बघायला तू नाहीस. पण तिथं त्या कागदावर लिहिलंय की, ती सवय तुझी होती, बालपणापासून तुझी. मी त्यांना नागपंचमी सांगणार आहे, आणि त्या दिवशी डबी नदीत गेली तेही. दीड वर्षाच्या पोराची कसली सवय? ते माझं केलेलं आहे, आणि तुझ्या नावावर लिहून ठेवलंय. ते मी माझ्या नावावर लिहून घेऊन येते.